सिगवार्दची पाठ

सिगवार्द आमच्या झाडूंच्या कारखान्याचा मालक. पण त्याला कुणी मालक म्हटलं, की तो कानापर्यंत लाल व्हायचा. सगळे त्याला अरे-तुरेच करायचे. मीही करायची, आणि मी तर तिथं नुसती कॉफी उकळायची. स्वीडनातल्या आमच्या स्मोलँडात कुणी स्वतःला दुसऱ्याहून बोटभर उंच समजला, की गाव त्याला खाली आणतं. मारत नाही, शिव्या देत नाही. नुसतं बघतं.

सकाळच्या कॉफीला सगळे एका टेबलाशी, बिनपाठीच्या बाकांवर. कारखान्याचं जे काही ठरायचं ते तिथंच, दालचिनीचा पाव चावता चावता. एकाचंही मन खात असलं तर ठरायचं नाही. उद्या पुन्हा कॉफी.

अशात सिगवार्दची पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, पाठीची खुर्ची घे, नाहीतर घरी पडून राहा. घरी पडायचे पैसे सरकार देतंच, ती काळजी नव्हती. पण बायको गेलेली, पोरबाळ नाही. घरी बोलायला कोण? त्याला आमच्या टेबलाशी बसायचं होतं, एवढंच.

त्यानं भीत भीत गुन-ब्रितला विचारलं. ती आमच्या कामगार संघटनेची पुढारीण.

"खुर्ची? तुला एकट्याला?"

"पाठ मला एकट्यालाच दुखते ना गं."

"आज खुर्ची. उद्या खाली गादी. परवा तुला अहो म्हणायचं का आम्ही?"

"नको गं बाई!" सिगवार्द घाबरलाच.

मग चर्चा. सगळ्यांना खुर्च्या घ्याव्यात तर खोलीत मावत नव्हत्या. पाळीपाळीनं बसावं तर पाठ काही पाळीपाळीनं दुखत नव्हती. पानं गळून बर्फ पडला तरी ठरेना. आणि गंमत बघा, सिगवार्दलाच गुन-ब्रितचं पटत होतं.

एका सकाळी तो आला आणि टेबलाशेजारी जमिनीवर सरळ आडवा झाला. कप छातीवर.

"याहून खालची जागा नाही ना?" तो म्हणाला. "मग कुणाला खुपायचं कारण नाही."

पण खुपलं. रंगखात्यातला येर्कर पाव खाली ठेवून म्हणाला, "हा साधेपणा मिरवतोय. आम्ही वर बसलेलो, हा संत खाली!"

गुन-ब्रितनं विचार केला, उठली, आणि सिगवार्दशेजारी आडवी झाली. मग येर्कर. मग सगळेच. मी किटली घेऊन एकेकाला ओलांडत, वाकत कॉफी ओतायची. माझ्या कंबरेबद्दल मात्र कुणी चर्चा ठेवली नाही.

त्यातच एक जर्मन व्यापारी झाडू घ्यायला आले. दार उघडलं आणि टोपी काढून उभेच राहिले. त्यांना वाटलं, सगळी गेली.

"कॉफी घेणार?" जमिनीवरून सिगवार्दनं विचारलं.

ते केवढ्यानं किंचाळले! त्यांना घेरी आली, तशी येर्करनं धावत जाऊन सामानाच्या खोलीतली खुर्ची आणली. पाठीची, हातांची. ते तीवर बसून हाशहुश करत कॉफी प्यायले आणि कुणाला काही वाटलं नाही. पाहुण्याला खुर्ची देतातच.

गुन-ब्रित कोपरावर टेकून त्या खुर्चीकडे बघत राहिली.

"सिगवार्द, तू आजारपणाची रजा घे."

"आणि घरी जाऊ?"

"घरी कशाला? रजेवरचा माणूस इथं आला तर तो कोण? पाहुणा."

हे मात्र एका कपात ठरलं.

तेव्हापासून सिगवार्द रोज कॉफीला पाहुणा म्हणून येतो आणि खुर्चीत बसतो. मालक कामावर नाही हे कारखान्याच्या लक्षातही आलं नाही. रजेचे पैसे देणाऱ्या सरकारी विमा कचेरीतली बाई एकदा चौकशीला आली.

"हा इथं काम करतो का?"

"छे, कॉफी पितो," मी म्हटलं.

"आणि कारखान्याचे निर्णय कोण घेतं?"

"ते कॉफी पिताना होतात."

बाई विचारात पडली. म्हणाली, कचेरीत सगळ्यांशी बोलून सांगते.

अजून त्यांचं बोलणं चालू आहे. सिगवार्द ताठ बसून दुसरा पाव मागतो, आणि पाहुणा आहे म्हणून मला द्यावा लागतो.