बुधवारचा बाक

हरणाबाई दर पंधरवड्याला बुधवारी डोळ्यांच्या औषधासाठी सांगलीला जाते, हे माधवनगरात सगळ्यांना ठाऊक होतं. डोळे तिचे ठणठणीत होते. सुताचा केसाएवढा तुटका धागा ती चिमणीच्या उजेडातही अचूक पकडायची. पण भाऊ आप्पासोनं डोळेच ठरवले होते. डोळ्यांचा आजार कुणालाही होतो आणि त्यापायी कुणाच्या भाचीचं लग्न अडत नाही, हा त्याचा हिशेब.

आजार डोक्याचा होता. गिरणीत कांड्यांवर सूत भरायला जायची तेव्हा, पोरगी मालन सात वर्षांची असताना, हरणाबाईच्या कानात कुणीतरी बोलायला लागलं. आधी नाव घेऊन हाका, मग शिव्या, मग हुकूम. ऊठ, विहिरीवर जा, पाय आत सोडून बस. घरच्यांनी करणी समजून देवऋषी केला, लिंबं उतरवली, पोटावर चटके दिले. ती खरोखर विहिरीच्या काठावर सापडली तेव्हा कुठं वेड्यांच्या इस्पितळात नेली. तिथं आठ महिने होती, शॉकही घेतले. परत आली तर नवऱ्यानं दुसरी बायको करून इचलकरंजी गाठली होती, आणि गिरणीतल्या तिच्या मशीनवर दुसरीच बाई उभी होती. आप्पासोनं बहिणीला आणि भाचीला घरात घेतलं. त्या दिवसांत हे सोपं नव्हतं, माणूस वाईट नव्हता. पण बहिणीला सांभाळायचं म्हणजे लपवायचं, एवढंच त्याला समजलं होतं. हरणाबाई घरीच चरख्यावर हातमागवाल्यांच्या कांड्या भरून द्यायची आणि गोळ्यांनी जड झालेली जीभ सावरत कमी बोलायची.

सांगलीच्या दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर फक्त बुधवारी बसत. त्यांच्या खोलीबाहेर एक लांब लाकडी बाक होता आणि त्यावर नेहमीची सहा-सात माणसं. बाकाचे कायदे त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या रंगूबाईनं घालून दिले होते. कुणी कुणाला आडनाव आणि गाव विचारायचं नाही. आणि फाटकाबाहेर पडलं की ओळख दाखवायची नाही. बाजारात समोर आलं तरी नाही, एस्टीत शेजारी बसलं तरी नाही. कारण एकदा मिरजेच्या बाजारात बाकावरच्याच एका बाईनं रंगूबाईला मायेनं हाक मारली, "आवं मावशी, गोळ्या घेता न्हवं?" सोबत होणारे व्याही होते. रंगूबाईच्या लेकाचं जमलेलं लग्न तिथंच बाजारात मोडलं.

फाटकाच्या आत मात्र हीच माणसं एकमेकांना जीव लावायची. कुणाचा हात कापत असला तर शेजारचा चहाचा कप धरायचा. कुणाच्या पायाला स्वस्थता नसली तर दुसरा त्याच्याबरोबर व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचा. रात्री डोळा लागला का, हे घरात कुणी विचारत नव्हतं, इथं सगळे विचारायचे.

त्र्याहत्तर साली या बाकावर नाथाजी आला. एकाहत्तरच्या लढाईवरनं परतलेला, मेडिकल बोर्डानं घरी पाठवलेला शिपाई. पहिल्याच दिवशी रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला आणि हा साडेपाच फुटी गडी बाकाखाली शिरला. औषधाच्या खिडकीशी उभी असलेली माणसं हसली. हरणाबाई खाली वाकली, पिशवीतली तुटक्या सुताची गुंडी काढली आणि दोन टोकं त्याच्या हातात दिली. "बांधा, भाऊ. ही गिरणीची गाठ. अशी फिरवून घ्यायाची, मग वढायची." तो थरथरत्या बोटांनी गाठी मारत राहिला. दहाव्या-बाराव्या गाठीला त्याचा श्वास जागेवर आला. पुढं कधी दवाखान्यात काही आदळलं, वाजलं की तो नुसता हात पुढं करायचा.

त्यानंही तिला एक गोष्ट दिली. कानातल्या हुकमांबद्दल तिनं सांगितलं तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "आक्का, हुकूम कुनाचा, ते इचारायचं. सही-शिक्का असल्याबिगर मिलिटरीत कोन हुकूम मानत न्हाई." त्या आठवड्यात कानातला आवाज विहिरीवर चल म्हणाला तेव्हा हरणाबाईनं त्याला सही मागितली. आवाज गप्प बसला नाही, पण तिला हसू आलं. कितीतरी वर्षांनी आलेलं ते हसू आप्पासोच्या बायकोनं ऐकलं आणि रोग बळावला म्हणून घाबरून गेली!

शहात्तर सालच्या चैत्रात मालनचं जमलं. तासगावच्या पुढचं गाव, विहिरीवरचा ऊस, पोरगा शिकलेला. बघायला पाहुणे आले त्या दिवशी हरणाबाईला मिरजेला मावसबहिणीकडं पाठवलं होतं. आप्पासोनं पाहुण्यांना सांगितलं, पोरीच्या आईला डोळ्यांचा त्रास. वराचे वडील लालासाहेब यांनी सांगितलं, धाकटा भाऊ मिलिटरीत असतो. दोन्हीकडून सारखाच माल खपवला गेला आणि सुपारी फुटली.

लग्न नवऱ्या मुलाच्या दारात होतं. वऱ्हाड ट्रकनं गेलं. हरणाबाईनं आयुष्यात एवढं एकच मागणं मागितलं होतं, की मालन नांदावी, आपल्या कपाळीचं तिच्या वाट्याला येऊ नये. सकाळची गोळी घेऊन ती मांडवाच्या कडेला बायकांत नीट बसली होती. अंतरपाट धरला आणि हौसेनं कुणीतरी औटगोळे उडवायला सुरुवात केली.

दुसऱ्याच बाराला गोठ्याचं दार धाडकन उघडलं. एक माणूस वाकून पळत आला, बोहल्यामागं आडवा पडला आणि सतरंजी अंगावर ओढून घेऊन ओरडू लागला. चौघं त्याच्यावर तुटून पडले. सतरंजी बाजूला झाली तेव्हा हरणाबाईला नाथाजीचं तोंड दिसलं.

ती उठली. आपण उठलोय हे तिला नंतर कळलं. पदराचा सुटा धागा तिनं ओढून हातात घेतला होता आणि ती चार पावलं पुढंही गेली होती. तेवढ्यात आप्पासोनं तिचं कोपर धरलं. लालासाहेबांनी ते बघितलं. सगळा मांडव बघत होता, बोहल्यावर मालन मान वळवून बघत होती.

"इहीनबाई," लालासाहेब म्हणाले, "वळकता काय ह्याला?"

काय सांगणार होती ती? कुठली ओळख, कुठल्या बाकावरची?

"न्हाई," हरणाबाई म्हणाली.

चौघांच्या गुडघ्याखाली दाबलेला नाथाजी तिच्याकडं बघत होता. क्षणभर त्याचं ओरडणं थांबलं. धापा टाकत तो म्हणाला, "न्हाई न्हाई. ही बाई आमच्या वळकीची न्हाई." बाकाचा कायदा त्यानं तसल्या हालतीतही पाळला. मग त्याला उचलून गोठ्यात नेलं, दाव्यानं खांबाला बांधलं आणि अक्षता पडल्या. त्या दिवशी हरणाबाईला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी शॉकच्या टेबलावर उघडी पडली होती तेव्हाही वाटली नव्हती.

त्यानंतरच्या बुधवारी नाथाजी आला नाही. पुढच्या खेपेला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. रंगूबाई म्हणाली, कुठल्या गावचा तेही ठाऊक नाही, शोधायचा कुठं? हरणाबाई मान खाली घालून बसली. तिला आता गाव ठाऊक होतं, घर ठाऊक होतं, गोठाही ठाऊक होता.

आखाडात मालन माहेरी आली. अंगानं भरली होती, सासरचं कौतुक सांगत होती. बोलता बोलता म्हणाली, "गोठ्यात चुलतसासरं हायती. पायात साखळी हाय. सांगलीची औषधं बंद केली, आता देवऋषी येतो. मीच भाकरी न्हेऊन देती. आई, परवा माझ्या पदराचा दोरा सुटला तर त्यांनी गाठ मारून दिली. आपली गिरणीची गाठ. त्यास्नी कुनी शिकवली आसंल गं?"

हरणाबाईचा चरखा थांबला. पोरीपासून लपवायचं तरी किती? तिनं सगळं सांगितलं. मालननं दारात कुणी नाही ना ते बघितलं. मग हळूच म्हणाली, "ह्यातलं काय सासरी म्हनू नगंस आई. मला नांदायचं हाय."

त्यानंतरचे आठ दिवस वाईट गेले. कानातला आवाज पुन्हा वाढला होता आणि या वेळी तो विहिरीवर चल म्हणत नव्हता. तू न्हाई म्हणालीस, तू न्हाई म्हणालीस, एवढंच. या बोलण्याला सही-शिक्का मागण्यात अर्थ नव्हता. ते खरंच होतं.

एका सकाळी डोळ्यांच्या औषधाला जाते म्हणून ती निघाली आणि तासगावची एस्टी धरली. लालासाहेब कट्ट्यावर बसले होते. हरणाबाई पदर सावरून उभी राहिली आणि घाई केल्यासारखं बोलून टाकलं, "दाजी, मी खोटं बोलले. आमी दोघं एका बाकावरचं. मला बी त्योच आजार हाय. त्यास्नी गोळ्या पायजेत, साखळी नगं. गोळ्या चालू हुत्या तवर त्यो मानूस झोपत हुता, हसत हुता. वाटलं तर मला दारात उभं करू नगा, पर त्यास्नी सांगलीला न्या."

लालासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग विचारलं, "माझ्या पोराला म्हाईत हाय?"

"न्हाई."

"मग न्हाईच ऱ्हाऊ द्या. पोरगी तुमची गुनाची हाय, तिला काय हुनार न्हाई हितं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "भाऊ हाय वो माझा. मला काय हौस हाय बांधायची? बुधवारी न्हेतो त्याला. पर एक ऐका. तुमी दोघं एका बाकावर कुनाला दिसलासा तर दोन घरं बुडतील. पयल्या आन् तिसऱ्या बुधवारी त्यो ईल. तुमी दुसऱ्या आन् चवथ्या जावा. पुन्यांदा गाठ पडाय नगं."

हरणाबाई व्हय म्हणाली. जाताना तिनं गोठ्याच्या दारातून आत बघितलं. नाथाजी पोत्यावर कुशीवर झोपला होता, दाढी वाढलेली. त्याला उठवायची तिची छाती झाली नाही. ती तशीच परत फिरली.

लालासाहेब शब्दाला जागले. श्रावणातल्या दुसऱ्या बुधवारी हरणाबाई दवाखान्यात गेली तर रंगूबाईनं सरकून जागा दिली आणि सांगायलाच सुरुवात केली. "अगं, त्यो आला हुता गेल्या बुधवारी! लय वाळलाय. तुज्या जागेवर पिशवी ठेवून बसला, कुनाला बसू दीना. डागदरनी दोनदा हाक मारली तरी उठंना. म्हनला, आक्का यू दे, मग जातो. दवाखाना बंद हुस्तवर बसला. त्याच्या भावानं वढून न्हेला."

म्हणजे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. येत्या बुधवारीही तो असाच बसणार, आणि पुढच्या प्रत्येक खेपेलाही. आपला बुधवार सांगितला तर त्या बुधवारीही येऊन बसेल. पंधरा दिवसांची झोप, पंधरा दिवसांची भीती, गाठ पडणार नाही हे ठाऊक असूनही सगळं तिनं त्याला सांगण्यासाठी साठवून ठेवलं होतं.

"रंगूबाई, तू येतीस न्हवं येत्या बुधवारी?"

"दर बुधवारी येती की."

"मग त्यास्नी सांग, हरणाआक्का बरी झाली. पार बरी झाली. आता गोळ्या लागत न्हाईत तिला, म्हनून येत न्हाई."

रंगूबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. आतून कंपाउंडरनं नाव पुकारलं, तशी हरणाबाई उठली आणि केसपेपर घेऊन गोळ्यांच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.