माझ्या वाट्याचा तास

नाताळआधीच्या आगमनकाळातला दुसरा शनिवार, दुपार. जागा – आमचं घर, अमरावती. हजर – पाळकीणबाई, म्हणजे आमच्या पाळकांच्या पत्नी, चर्चच्या मंडळीतल्या चार बायका, अकोटहून आलेली एस्तेर आणि मी, सुनंदा. विषय – नाताळच्या आधीच्या आठवड्यातली साखळी प्रार्थना. कोणी कोणता तास घ्यायचा. तास वाटून झाले, चहा झाला, सगळ्या वेळेत घरी गेल्या.

एवढं पाळकीणबाई लिहून ठेवतील. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढेही आडवळणानेच – ‘प्रभू, तुला ठाऊकच आहे’ असं म्हणते आणि पुढच्या विषयाकडे वळते. त्याला ठाऊक आहे म्हणून मी बोलायचं नाही, हे कुठलं शहाणपण?

आमच्याकडची साखळी प्रार्थना कशी असते ते आधी सांगते. दिवसाचे तास वाटून घ्यायचे. ज्याचा तास त्याने घरी, दार लोटून, एकट्याने बसायचं. तास संपला की पुढच्याला फोन करून कळवायचं – माझं झालं, आता तुम्ही बसा. साखळी तुटू द्यायची नाही. नाताळला घर झाडतो तसं मनही झाडून घ्यावं, त्यासाठी ही रीत. रंगरंगोटी, फराळ, चांदणी टांगणं, गाण्यांची फेरी – ही तयारी डोळ्यांना दिसते. ही दुसरी कुणाला दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्यात मी कायम कच्ची. माझ्या हाताला काम लागतं. काम दिसलं की मी खूश.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याच मंडळीतून लग्न होऊन अकोटला गेलेल्या एस्तेरच्या नवऱ्याला, दानियेलला, पोटाच्या ऑपरेशनसाठी इथे अमरावतीला आणलं होतं. दुखणं साधं नव्हतं. डॉक्टरांनी सह्या घेताना काही लपवलं नव्हतं. ऑपरेशन साखळीच्याच आठवड्यात आलं. तास वाटायचं काम माझ्याकडे. ऑपरेशनचा तास मी स्वतःच्या नावावर ठेवला. का? तिची काळजी होती म्हणून? होती, खोटं कशाला सांगू. पण तो तास सगळ्यांत महत्त्वाचा होता, आणि महत्त्वाचं काम माझ्याकडे असलं पाहिजे – हेही होतं.

त्या दुपारी मी काय केलं?

शंकरपाळे तळले.

विसरले असं समजू नका. विसरले असते तर हे लिहावं लागलं नसतं. घड्याळ समोरच होतं. तास सुरू झाला तेव्हा कढई तापलेली होती. म्हटलं, एवढा घाणा काढते आणि बसते. मग दुसरा. मग पडदे इस्त्री करून आले, ते मोजून घेतले, एकावर डाग निघाला म्हणून इस्त्रीवाल्याशी वाद घातला. मग वाटलं, आता उरलंय किती? आणि बाकीचे बसलेत की. एका माणसाने काय अडतं? – असं स्वतःशी म्हणाले मी. तिकडे माणूस टेबलावर होता.

तास संपला तशी रूथमावशींना फोन करायला हवा होता. मी करायच्या आधी त्यांचाच आला. रूथमावशी मंडळीतल्या सगळ्यांत वयस्क. त्या वेळेआधी तयार बसायच्या.

“झालं का वं तुह्यं?”

“हो मावशी. आत्ताच उठले.”

हे पहिलं खोटं. तोंडातून सहज गेलं, दुधावरची साय सरकावी तसं. इथेच थांबले असते तर आज कदाचित विसरूनही गेले असते. पण मावशींनी त्यांच्या सवयीने विचारलं –

“काय भेटलं मंग?”

प्रार्थनेत काय भेटलं, म्हणजे मनात काय आलं, देवाने काय सुचवलं. जुनी माणसं हे सरळ विचारतात, बाजारातून काय आणलं विचारावं तसं. मी काय सांगणार होते? माझे हात पिठाचे होते. ‘काही नाही’ म्हणता आलं असतं. पुष्कळांना काही भेटत नाही, त्यात लाज नसते. पण मला रिकाम्या हाताने उभं राहता येत नाही, आणि मी म्हणाले –

“शांती मिळाली, मावशी. दानियेल बरे होतील असं आतून आलं.”

देवाच्या नावाने मी ते बोलले. तो बोललेला नसताना.

मावशींनी लगेच दवाखान्यात निरोप धाडला. नंतर एस्तेरनेच मला सांगितलं – ती थिएटरबाहेर भिंतीला पाठ लावून बसली होती. निरोप आला तशी ती उठली, तोंड धुतलं, सासूला चहा पाजला. माझ्या शब्दावर ती उठली – कढईशेजारी बनवलेल्या शब्दावर.

दानियेल वाचले.

नाताळच्या उपासनेत, देवाने काय केलं याची साक्ष द्यायला एस्तेर उभी राहिली. तिची भाषा ठेवणीतली नाही. “माह्या नवऱ्याले कापून राहिले होते आन् सुनंदाताई गुडघ्यावर होत्या,” ती म्हणाली. “मले कोणीच सांगत नव्हतं का होईन काय नाही. देवानं ताईले सांगतलं.” सगळी मंडळी आमेन म्हणाली. मी काय केलं? मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला.

तेव्हापासून दर डिसेंबरला अकोटच्या एसटीने तुरीच्या शेंगांची पिशवी येते. दानियेल स्वतः स्टँडवर ड्रायव्हरच्या हाती देतात. त्या शेंगा मी एकटीच बसून सोलते.

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर हा कबुलीजबाब नुसताच काळा होईल आणि तेही खरं नाही. पुढच्या आगमनकाळात मी माझ्या तासाला खरोखर बसले. भीतीने बसले. दार लोटलं, हात मांडीवर ठेवले. काही भेटलं नाही. स्वयंपाकघरातलं काम आठवत राहिलं, मग एस्तेरचा चेहरा आठवला, मग रडू आलं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा बसले. हळूहळू एक गोष्ट उमगली – माझा तास रिकामा गेला तरी दानियेल जगले. साखळी माझ्याकडे तुटली होती, आणि देवाने तुटल्या साखळीनेही माणूस ओढून वर काढला. त्याचं काम माझ्यावर अडलेलं नाही! माझ्यासारख्या बाईला यापेक्षा मोठी सुटका कोणती? आता नाताळला ते दोघं इकडे येतात, तेव्हा गाण्यांच्या फेरीत दानियेलचा भसाडा आवाज मागून आला की माझे डोळे भरतात. त्या आवाजासाठी मी देवाचे जेवढे आभार मानलेत तेवढे माझ्या मुलांसाठीही मानले नसतील. एखादा पडदा न धुतलेला राहतो हल्ली. राहू दे.

पण आभार मानले म्हणून खोटं खरं होत नाही. ते काल, शनिवारच्या बैठकीत कळलं.

एस्तेर तास घ्यायला आली नव्हती. तिच्या स्वतःच्या पोटात गाठ निघालीय. अकोल्याचे डॉक्टर नाताळआधी काढून टाका म्हणतात. तिला सोमवारी होय-नाही कळवायचंय. सगळ्यांसमोर तिने माझा हात धरला.

“ताई, माह्यासाठी तुमी बसा. तुमाले जे भेटन तसंच करीन मी. तुमी नाही म्हणसान तं नाही.”

“एस्तेर, डॉक्टर सांगतात ते कर,” मी म्हणाले. “माझी वाट पाहू नको.”

“पाहा!” ती बाकीच्यांकडे वळून हसली. “ताईले आत्ताच भेटलं! बसाचंही काम नाही पडलं!”

सगळ्या हसल्या. पाळकीणबाईही हसल्या. मीही हसले – हो, मीही. तिने ऐकलं, ऑपरेशन करून घेईल, मग बिघडलं कुठे, असं त्या क्षणी वाटून गेलं. पण उद्या तिला दुसरं काही विचारायचं असेल तर? ती भूल द्यायच्या टेबलावर माझा शब्द उशाशी घेऊन झोपणार. जो शब्द माझ्याकडे कधी नव्हताच.

तिला हे कळलं तर ती मला काय म्हणेल, ठाऊक नाही. काही म्हणो. तो तिचा हक्क आहे.

आज रविवार. उपासना झाली, जेवणं झाली. अंजनगावमार्गे अकोटला गाडी आहे. एस्तेरच्या घरी जायचं, तिला बाजूला घ्यायचं आणि त्या दुपारी मी शंकरपाळे तळत होते हे तिच्या तोंडावर सांगायचं, एवढं काम आहे. ते अजून झालेलं नाही.