गुरम्माच्या हातचं कढण

देवणीच्या बाजारात मलप्पाच्या भुसार दुकानावर कुणी पावशेर हुलगे घ्यायला आला, तरी त्याला आधी मलप्पाच्या आजारपणाची गोष्ट ऐकावी लागे. मुदतीचा ताप कसा आला, उदगीरच्या हकीमसाहेबांनी कसे हात टेकले आणि शेवटी बायकोच्या हातच्या कढणानं आपण कसे उठून बसलो, हे सगळं तो तराजू तसाच लोंबता ठेवून सांगायचा. गिऱ्हाईक बिचारं कंटाळून जायचं. "कढण म्हंजे काय चीज असती, त्ये आमच्या गुरम्माला इचारा," असं म्हणून मगच तो माप घालायचा. आणि आत डाळ पाखडत बसलेली गुरम्मा दर वेळी सूप जोरानं आपटायला लागायची.

कारण ते कढण तिनं केलेलंच नव्हतं.

गुरम्मा निलंग्याकडची, लिंगायताच्या घरची लेक. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय तिच्या तोंडात पाण्याचा घोट जायचा नाही. खाटकाच्या दुकानावरून जाऊन आलेला माणूस ओसरीवर टेकला, तर ही ओसरी पुन्हा सारवून घ्यायची. मलप्पा हसायचा, पण मनातून त्याला बायकोच्या कडकपणाचा भारी अभिमान होता. अशा बाईवर ती वेळ यावी, याला काय म्हणावं?

निजामाचं राज्य तेव्हा संपत आलं होतं, पण ते कुणाच्या गावीही नव्हतं. त्या थंडीत मलप्पाचा ताप उतरला आणि ताप उतरल्यावरच तो जास्त खचला. अंगावर मांस म्हणून उरलं नाही. गुरम्मानं हुलग्याचं माडगं करून पाहिलं, मुगाचं पाणी दिलं, भाताची पेज पाजली. पोटात काही ठरेना. हकीमसाहेबांनी नाडी धरली, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि तिला ओसरीवर बोलावून म्हणाले, "बाई, दवा का काम हो गया. अब इनकू यखनी दो. बकरे की नळी की. नहीं तो मेरेकू मत बुलाओ."

यखनी म्हणजे नळीच्या हाडासकट मटण उकळून काढलेलं पाणी, हे गुरम्माला ठाऊक होतं. तिला वाटलं, कुणीतरी भर बाजारात आपल्या थोबाडीत मारली. हकीम टांग्यात बसून निघून गेले तरी ती दाराची चौकट धरून तशीच उभी होती.

आतून मलप्पाच्या कण्हण्याचा आवाज आला, तेव्हा ती हलली. घरात गेली नाही. कुंभाराकडून एक कोरं मडकं आणलं, पदराखाली घेतलं आणि मागच्या बोळातून जैतूनबीच्या दारात गेली.

जैतूनबी म्हणजे पिंजाऱ्याची बायको. दोघींच्या परसांमध्ये एकच भिंत. तिचं रजयांना टाके घालणं गावात नावाजलेलं, आणि ईदेला ती करायची तो डालचाही. चण्याची डाळ, दुधी, चिंच आणि हाडासकट मटण असा तो दाट डालचा शिजायला लागला, की गुरम्मा आपल्या घराची मागची खिडकी लावून घ्यायची. यावरून दोघींची दर साली थट्टा चालायची, पण भांडण कधी झालं नव्हतं.

गुरम्मानं मडकं पुढं ठेवलं आणि काय पाहिजे ते सांगितलं. जैतूनबीच्या हातातली सुई गळून पडली.

"गुरम्माक्का, काय बोलून राहिलीस तू? शुद्धीवर हाईस का?"

"हाय. हकीम म्हणला, न्हाई दिलं तर त्ये जगत न्हाईत."

"अन् तुझा धरम?"

"त्ये माझं मी बघीन. तू करून दे. कुणाला सांगू नको, तुझ्या घरधन्याला बी न्हाई."

जैतूनबीनं मडकं आत नेऊन ठेवलं. मग "सांजच्याला ये" एवढंच म्हणाली.

संध्याकाळी गुरम्मा भरलेलं मडकं घेऊन घरी आली, तेव्हा त्यातून लवंग, दालचिनी आणि करपवलेल्या कांद्याचा उग्र वास येत होता. हाच तो मांसाचा वास, असं तिच्या डोक्यानं घेतलं आणि तिला तिथंच ओकारी आली. चुलीपाशी बसून तिनं ते वाटीत ओतलं. पण ती तशीच उठून नवऱ्याकडं गेली नाही. त्याला बाटवायचं आणि आपण कोरडं राहायचं, हे तिला पटेना. त्याला तर काही माहीतच नाही, मग त्याला पाप कसलं? पाप लागायचं ते जाणून करणाराला. म्हणून डोळे मिटून, श्वास रोखून पहिला घोट तिनं स्वतः घेतला. मग उरलेलं त्याला पाजलं.

"काय गं हे?" मलप्पानं क्षीण आवाजात विचारलं.

"कढण. गप प्या."

मलप्पानं ओठ चाटले. किती दिवसांनी त्यानं वाटी पुन्हा पुढं केली!

तो उठून भिंतीला टेकून बसायला लागेपर्यंत रोज सांजेला मडकं येत राहिलं, आणि रोज पहिला घोट गुरम्माच घेत राहिली. तो काठी टेकत दुकानापर्यंत गेला, त्या दिवशी तिनं मडकं फोडलं. त्याच दुपारी नदीवर जाऊन तिनं गळ्यातल्या डबीतलं लिंग काढलं, कपाळाला लावलं आणि डोहात सोडलं. मांस खाल्लेल्या अंगावर ते ठेवायचा आपल्याला हक्क नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. कुणाला विचारलं नाही, कुणापाशी रडली नाही. रिकामी डबी तेवढी पुन्हा गळ्यात घातली. त्या दिवसापासून रोज सकाळी कोपऱ्यात पाठ करून, रिकाम्या तळहातावर भस्म वाहून ती पूजा झाल्याचं नाटक करायची आणि उठायची. असं नाटक रोज करायचं म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक.

आणि इकडं मलप्पाचं कढणपुराण. "तसं कढण पुन्हा कर की" म्हणून तो मागं लागायचा. ती करायची, तो चाखायचा आणि म्हणायचा, "झकास हाय. पर त्ये न्हाई." ती वाटी उचलून आत न्यायची. दोन-चार सालं असंच चाललं.

मग एक दिवस तो दुकानातून नाचतच आला. मठाचे शिवलिंग स्वामी गावात उतरले होते. त्यांची पादपूजा त्यानं आपल्या घरी ठरवली होती. एवढ्यावर थांबला असता तर तो मलप्पा कसला?

"स्वामींचं अंग लई वाळलंय गं. म्या सांगून टाकलं, आमच्या गुरम्माच्या हातचं कढण घ्या म्हणून. त्येच, माझ्या येळचं! त्ये व्हय म्हणले."

गुरम्मानं गळ्यातली डबी पदराखाली सारली. स्वामींपुढं सगळ्यांनी हातावर लिंग घेऊन पूजेला बसायचं, तेव्हा डबी उघडायची कशी, ही एक धास्ती. आणि साधं कढण पुढं ठेवलं की हा शहाणा चार माणसांत म्हणणार, "त्ये न्हाई." मग सगळे विचारणार, ते काय होतं? ती तडक मागच्या बोळात शिरली.

"जैतून, मला वाचव. मटण न घालता तसली चव कशी आणायची, तेवढं सांग."

जैतूनबीनं शिवायची रजई बाजूला सारली. उठून तिनं मागचं दार ओढून घेतलं.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "मटण त्यात कवाच नव्हतं."

गुरम्मा तिच्यासमोर येऊन बसली.

"म्या आणलं होतं. नळी चुलीवर शिजून तयार होती. पर तू ठेवलेलं मडकं उचललं, तवा तुझ्या गळ्यातली ती डबी डोळ्यांम्होरं आली. माझा हात वतायला गेलाच न्हाई. मग हुलगे, मसूर अन् मूग गाळ होईस्तवर शिजवले. दुधी घातला, गाजर घातलं, शेवग्याच्या शेंगांचा गर काढून घातला. वास यावा म्हणून कांदा करपवला अन् यखनीचा मसाला घातला. अल्ला गवाह हाय, एक थेंब सुदिक न्हाई. रोज रडत होते बघ, चूल फुंकत."

कुणालाही वाटेल, आता गुरम्मा तिच्या गळ्यात पडली असेल. तसं काही झालं नाही. तिनं जैतूनबीचा दंड गच्च धरला आणि गदागदा हलवला.

"अन् त्ये मेले असते तर? हकीमनं मांस सांगितलं होतं! तू हुलगे पाजलेस? माझ्या नवऱ्याचा जीव तू डावाला लावलास गं?"

"लावला," जैतूनबी म्हणाली. "तुझा धरम वाचवायला लावला."

गुरम्मानं गळ्यातली डबी ओढली, उघडली आणि तिच्यापुढं धरली. आत चिमूटभर भस्माशिवाय काही नव्हतं.

"हा बघ वाचवलेला."

आता तोंडावर हात घ्यायची पाळी जैतूनबीची होती. रडावं की भांडावं, कुणालाच सुधरेना. शेवटी गुरम्मा उठली, मसाल्याची पुडी मागून घेतली आणि घरी येऊन हुलगे भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर स्वामी पाटावर बसले. मलप्पा, त्याची बहीण कस्तुराबाई आणि शेजारचे बसलिंगप्पा यांनी डबीतून आपापलं लिंग काढून डाव्या हातावर घेतलं. कढणाचा वास माजघरातून येत होता आणि मलप्पा हसतमुखानं सगळ्यांकडं बघत होता. गुरम्मा पुढं आली, डबी उघडली आणि स्वामींच्या पायांशी उपडी केली. चिमूटभर भस्म सांडलं.

"माझं लिंग म्याच डोहात सोडलं, स्वामी."

मग सगळं सांगितलं. हकीम, मडकं, पहिला घोट, डोह आणि कालची जैतूनबी. काही लपवलं नाही. कस्तुराबाईनं कानांवर हात घेतले. मलप्पाचं तोंड उघडं पडलं ते पडलंच. ज्या गोष्टीवर त्यानं एवढी सालं बाजार भरवला होता, त्यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं.

"बाई," स्वामी म्हणाले, "मांस तर तुझ्या पोटात गेलंच न्हाई."

"जाणून तर प्याले की. माझ्यापुरतं त्ये मांसच होतं."

"बरं. उद्या मालक पुन्हा तसाच अंथरुणाला खिळला अन् हकीम तेच म्हणाला, तर?"

सगळ्यांना वाटलं, आता ही कान धरील, नाक घासेल आणि मोकळी होईल. मलप्पा तर खुणेनं तिला तसं सुचवतही होता. गुरम्मानं त्याच्याकडं एकदा बघितलं.

"पुन्हा जाईन, स्वामी," ती म्हणाली. "अन् ह्या खेपेला नळी शिजंस्तवर तिच्या चुलीम्होरं बसून राहीन. माझ्या डोळ्यांदेखत वतून घेईन."

बसलिंगप्पा उठूनच उभे राहिले. कस्तुराबाई "शिव शिव" म्हणत भिंतीकडं तोंड करून बसली. स्वामींनाही हे उत्तर झेपलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग त्यांनी आपली झोळी जवळ ओढली, आत हात घालून कापडात गुंडाळलेलं एक नवं लिंग काढलं आणि म्हणाले, "डावा हात पुढं कर."

गुरम्मानं हात पुढं केला. मलप्पानं पुढं सरकून तिच्या हाताखाली आपला हात धरला.