नंबर नसलेली नळी

रक्ततपासणीच्या त्या लहानशा लॅबमध्ये सगळे त्याला डास म्हणायचे. रक्त काढायचा, म्हणून डास. त्याला राग नव्हता, उलट अभिमानच होता. तीन ठिकाणी टोचून हैराण झालेली म्हातारी माणसं त्याच्या खुर्चीत बसली की एका टोचणीत काम व्हायचं. एकोणीस वर्षं हेच केलं आणि कुणी बोट दाखवावं अशी चूक एकदाही झाली नाही. आता ज्याची चूक कधी होतच नाही, त्याला ती झाल्यावर ओळखू तरी कशी यावी!

घरात तो, त्याची बायको आणि थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ताई सतराची. लोकांचे पडदे शिवून तिने त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं, आणि या सगळ्यात स्वतःचं राहूनच गेलं. पन्नाशी उलटली तरी ती शिलाई मशीनवर बसली की भिंती दणाणायच्या. तोंडही तसंच चालायचं. भाऊ दारात दिसला की विचारायची, "आले का आमचे डासराव? आज कुणाकुणाला चावलात?"

मग एका वर्षी ती मंदावली. आधी पडदे वेळेवर जाईनात. मग अर्धवट शिवलेले तसेच मशीनवर पडून राहू लागले. दुपारीसुद्धा शाल पांघरून बसायची, चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, कंगव्यात केसांचे पुंजके. काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा, की विचारणारा निघून गेलेला असायचा. कधीकधी भिंतीकडे तोंड करून रडायची आणि का रडते ते तिलाच सांगता यायचं नाही.

त्याची बायको वाईट नव्हती, पण घर तिच्या एकटीच्या गळ्यात पडलं होतं. एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "वन्सं कामाचा कंटाळा करतात हो. जेवायच्या वेळी बरं उठवतं त्यांना." हे पलीकडच्या खोलीत ऐकू गेलं. जायचंच होतं, भिंत ती केवढी!

त्या संध्याकाळी ताईनेच भावापुढे दंड उघडा केला. "धाकट्या, माझं रक्त बघ रे. काहीतरी कमी निघू दे. नाहीतर मला तोंड दाखवायला जागा नाही."

लोक काही निघू नये म्हणून देवाची करुणा भाकतात आणि ही बाई निघावं म्हणून. पण त्याला ते पटलं. असल्या उदासीमागे कधी बी-ट्वेल्व्ह कमी असतं, कधी लोह, कधी थायरॉईडची ग्रंथी थकलेली असते, हे त्याने हजारो रिपोर्टांत पाहिलं होतं. "सकाळी उठल्या उठल्या घेतो," तो म्हणाला.

आता त्या लॅबची एक रीत सांगायला हवी. सकाळी मशीन सुरू केलं की पहिली नळी डासाच्या स्वतःच्या रक्ताची लागायची. गडी घोड्यासारखा, त्याचे आकडे वर्षानुवर्षं जागचे हलत नसत. ते नेहमीसारखे आले की मशीन ठीक, मग बाकीच्यांच्या नळ्या लावायच्या. घरच्या कुणाचं तपासायचं असलं तर नोंद नाही, नंबर नाही. ती नळी त्याच्याच नळीशेजारी उभी करायची. खूण पेनाची: आपल्या नळीवर एक रेघ, दुसरीवर दोन.

त्या दिवशी आपली आणि ताईची अशा दोन्ही नळ्या उभ्या केल्या आणि तेवढ्यात हाक आली. एका तान्ह्या बाळाची नस कुणालाच सापडत नव्हती. तो धावला, काम करून आला, स्पिरिटने ओल्या हातांनीच नळ्या उचलल्या आणि रेघा पुसल्या गेल्या. क्षणभर तो थबकला. पण एकोणीस वर्षांचा हात! डावीकडची आपली, असं त्याने स्वतःशीच ठरवून टाकलं.

पहिल्या नळीचा थायरॉईडचा आकडा आला चौऱ्याऐंशी. ग्रंथी थकली की हा आकडा चढतो. त्याचा नेहमी दोनच्या आसपास असायचा. तो हसला. "मशीनला वेड लागलं," असं शेजारच्या टेबलावरच्या मुलीला सांगून त्याने ते रक्त फेकून दिलं, मशीन नव्याने जुळवलं आणि आपल्या दंडातून ताजं रक्त काढून लावलं. दोन पूर्णांक एक. झालं मशीन सुतासारखं सरळ! मग दुसरी नळी लावली. तीही दोन पूर्णांक एक. बी-ट्वेल्व्ह, लोह, सगळं जुळत गेलं. त्याला गंमत वाटली. शेवटी एकाच आईची लेकरं, तो मनात म्हणाला.

घरी येऊन त्याने मोठ्या आनंदाने सांगितलं, "ताई, सगळं ठणठणीत आहे. काळजीचं कारण नाही."

ताईने मान हलवली. तिचा चेहरा पडला, तो त्याने पाहिला आणि तिला बरं वाटलं असावं असा अर्थ लावला. त्या दिवसापासून घरात तिला आजारी म्हणायची सोय राहिली नाही. मनाच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न थायरॉईडचा विचारला. "मी स्वतः केलंय, डॉक्टर," तो म्हणाला. लॅबवाल्याच्या शब्दावर कोण कशाला शंका घेईल? त्यांनी उदासीच्या गोळ्या दिल्या. घरच्यांनी उपदेश दिला: फिरायला जा, मन रमव, मनावर घे. ती मनावर घ्यायची. सकाळी पलंगाच्या काठाशी येऊन बसायची आणि दहा-दहा मिनिटं नुसती पायांकडे बघत राहायची.

असे आठ महिने गेले. थंडीत एका सकाळी ती उठेचना. अंग गार, श्वास मोजून घ्यावा इतका सावकाश. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तिचा चेहरा पाहूनच रक्त पाठवलं. दुपारी कागद त्याच्या हातात आला: थायरॉईड एकशे बारा. त्याला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. चौऱ्याऐंशी आठवला. ती डावीकडची नळी ताईची होती. लोकांच्या रक्तातली खोट काढणारा माणूस, आणि घरचं दुखणं त्याने स्वतःच्या हाताने मोरीत ओतलं होतं.

डॉक्टर म्हणाले, औषध सुरू केलंय, पण फार उशीर झालाय, हृदय थकलंय. फार आशा धरू नका.

संध्याकाळी ती थोडी शुद्धीवर आली. त्याने सगळं सांगितलं. नळ्या, रेघा, ओले हात, काही लपवलं नाही. "ताई, तुझ्यात खरंच कमी होतं गं. मीच..."

तिचे ओठ हलले. "म्हणजे मी आळशी नव्हते?"

"नाही गं ताई. नव्हतीस."

"मग जा. तिला सांग जा."

बायको बाहेर बाकावर बसली होती. तो तिच्यासमोर उभा राहिला. हुंदके आवरून सगळं सांगून होईपर्यंत पाच-सात मिनिटं गेली असतील. ऐकता ऐकता ती रडायलाच लागली. "मला आत जाऊ द्या, मला त्यांच्याशी बोलायचंय," म्हणत ती उठली.

दारात नर्स उभी होती. तिने दोघांना आत सोडलं, पण आता घाई करून उपयोग नाही म्हणाली.