मामांची दोन मिनिटं

माझ्या बायकोच्या मामांच्या हातात एकदा माईक गेला, की तो परत मिळवणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमणार नाही. बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळात जेवणाची वेळ ठरवण्याआधी कार्यकर्ते विचारून घेतात, मामा येणारेत का. "दोनच मिनिटं बोलतो," म्हणत ते उभे राहतात, आणि मग विषय हळदीकुंकवाचा असो की कुणाच्या रिटायरमेंटचा, गाडी युक्रेनमधल्या खार्किवला जाऊन थांबते. मामा तिथे इंजिनीअर झाले, तिथूनच वर्षभर खार्किवशी करार असलेल्या जर्मनीतल्या विद्यापीठात गेले, आणि पुढे सगळी नोकरी बर्मिंगहॅमच्या कारखान्यात करूनही मनाने राहिले ते हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर. थंडीत खिडकीबाहेर टांगलेलं दूध, सहा जणांत एक शेगडी, पुण्याहून आलेल्या मेतकुटाची कस्टमवाल्याने केलेली चौकशी, सगळं आम्हाला तोंडपाठ आहे. गेल्या गणपतीत ते आभार मानायला उठले आणि वरण थंड होऊ लागलं, तेव्हा माईकची वायर हळूच काढणारा पापी मीच. मामांना पत्ताही लागला नाही. ते तसेच बोलत राहिले.

युद्ध पेटल्यापासून त्यांनी दोन्ही विद्यापीठांचे माजी विद्यार्थी फोन करकरून गोळा केले. खार्किवहून निघालेल्या कुणाला जर्मनीत खोली मिळवून दे, कुणाला प्रयोगशाळेत जागा. समोरच्याला नकार द्यायला ते मधे जागाच ठेवत नाहीत, त्यामुळे कामं होतात. मामींचं म्हणणं एवढंच की, ह्या माणसाला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची आठवण राहत नाही, पण जर्मनीतल्या पन्नास घरांच्या भाडेकरारांच्या तारखा पाठ आहेत.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला "टेक्निकल सपोर्ट" म्हणून मी राहतो त्या रीडिंग गावाहून बोलावून घेतलं. ओक्साना नावाच्या मुलीची डॉक्टरेटची शेवटची तोंडी परीक्षा ऑनलाइन होती. मुलगी जर्मनीत, तिच्या मार्गदर्शक ल्युदमिलाबाई खार्किवमध्ये. ह्या बाई मामांच्या वर्गातल्या, शहर सोडायला साफ नकार दिलेल्या. ओक्सानाची जर्मनीतली नोकरी ह्या पदवीवर अडली होती, पदवी दाखवायची मुदत त्याच दिवशी संपत होती, आणि आई नि धाकटा भाऊ तिच्याच जिवावर होते. सुरुवातीला माजी विद्यार्थ्यांतर्फे मामांच्या शुभेच्छा. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, दोन मिनिटं.

मामा उभे राहिले, लॅपटॉपसमोरसुद्धा उभेच, आणि तेवढ्यात पडद्यावरची बाईंची चौकट काळी झाली. खार्किवची वीज गेली होती. मार्गदर्शक हजर नसेल तर परीक्षा सुरू होत नाही, आणि ती पुढे ढकलली तर थेट पुढच्या सत्रात. परीक्षा समितीच्या जर्मन अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, शुभेच्छा संपल्या की निर्णय घेऊ म्हणाले. ओक्सानाचा चेहरा पांढराफटक पडला. मामांनी घसा खाकरला.

मग सुरू झालं. दूध, शेगडी, मेतकूट. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. आयुष्यात पहिल्यांदाच, मामा थांबू नयेत म्हणून मी देव पाण्यात घातले होते. तासाभराने त्यांचा आवाज बसला, शब्द अडखळू लागले. आता संपलं, असं मला वाटलं. तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "आणि मग त्या कस्टमवाल्याने काय केलं?"

मामी पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. मामांनी कस्टमवाला पुन्हा पहिल्यापासून उभा केला. आणखी अर्ध्या तासाने ती काळी चौकट उजळली. अंगात जाड कोट, डोक्याला लोकरीची टोपी, शेजारच्या इमारतीतल्या जनरेटरपाशी बसलेल्या बाई. त्यांनी आधी मामांकडे पाहिलं. "अजून बोलतोच आहेस?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. मामा खाली बसले आणि रुमालाने चष्मा पुसत राहिले. संध्याकाळपर्यंत ओक्साना डॉक्टर झाली.

मामा आता दर रविवारी दुपारी बाईंना फोन करतात. मागच्या रविवारी मी तिथेच होतो. बोलता बोलता लाइन गेली. मामांनी फोन खाली ठेवला नाही. त्या मुक्या फोनमध्ये हॉस्टेलची शेगडी सांगत राहिले. माझी ट्रेन सुटायला आली होती. मी पायात चढवलेले बूट काढले आणि त्यांच्या शेजारी ऐकत बसलो.