लेकीला विचारलेला पहिला प्रश्न

मंडळी, आज दुपारी मी लेकीचं ऑनलाइन मराठी व्याख्यान ऐकलं, तिला न सांगता. ती परदेशात ताऱ्यांवर संशोधन करते. आमचे हे गेल्यापासून नाशिकरोडच्या घरात मी एकटीच असते. फोनवरचं आमचं बोलणं 'जेवलीस का?'च्या पुढे जात नाही.

ती सांगत होती, अवकाशात वायूचे लांबच लांब धागे असतात. त्यातच तारे जन्मतात आणि लहान असेपर्यंत धाग्याबरोबरच हलतात. मोठे झाले की सुटतात.

मी नाव न देता चॅटमध्ये विचारलं, "सुटलेला तारा परत येतो का?"

"सहसा नाही," ती म्हणाली. "पण तारा पळून जातो असंही नाही. काहींच्या मते धागाच हेलकावत दूर जातो आणि तारा मागे राहतो."

हे गेले तेव्हा "येऊन राहू का?" असं तिनं दोनदा विचारलं होतं. "तुझं काम बघ," म्हणून मीच विषय संपवला होता.

संध्याकाळी तिला फोन करून सांगितलं, "तो प्रश्न माझा होता गं."

ती म्हणाली, "आई, माझ्या कामाबद्दल तू विचारलेला हा पहिलाच प्रश्न."

तुम्ही विचारता का हो मुलांना?