काकूंचं टपाली मत

मँचेस्टरमधले आमचे शेजारी डॉक्टरकाका कुठलाही वाद "नेक्स्ट पेशंट!" म्हणून संपवतात. काकूंपुढे मात्र ते चालत नाही. युरोपातून बाहेर पडण्यावरून सत्ताधारी पक्षात बंड झालं, नवा नेता निवडायची वेळ आली आणि पक्षाचे सभासद असलेले हे दोघे दोन वेगळ्या उमेदवारांमागे उभे राहिले. नेमक्या तेव्हाच काकू खुबा मोडून हॉस्पिटलमध्ये! तिथून त्यांनी आपलं टपाली मत काकांच्या हाती दिलं.

पोस्टबॉक्सपाशी मी म्हणालो, "काका, विसरलो म्हणून सांगा की. बायकोची कामं मी अशीच विसरतो."

"म्हणून तुझ्यावर कोणी काही सोपवत नाही."

"अहो, पण तुमचा माणूस पडेल!"

"पडला तर पडला."

पाकीट टाकून काकांनी फटीत बोटं घातली आणि ते मध्येच अडकलं नाही ना, हे चाचपून पाहिलं.